मिखाएल हालर : गायकवृंद घडवणारे धर्मगुरू

पवित्र मिस्साच्या वेळी गायकवृंदाने नेमके काय करावयाचे असते? भाविकांना ऐकवण्यासाठी गावयाचे, की त्यांच्या प्रार्थनेला स्वर द्यावयाचा? एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील कॅथलिक ख्रिस्तसभेत हा प्रश्न ऐरणीवर आला होता. त्या प्रश्नाला आयुष्यभराच्या अध्यापनातून उत्तर देणाऱ्यांमध्ये रेव्ह. मिखाएल हालर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. संगीतरचनाकार म्हणून त्यांना कीर्ती लाभली. परंतु त्यांचे जीवनकार्य मुख्यतः शिक्षकाचे होते.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात युरोपातील अनेक चर्चमधील संगीतावर ऑपेराची छाप पडली होती. वाद्यवृंदाचा थाट, एकल गायकांच्या लांबलचक ताना आणि शब्दांची वारंवार पुनरावृत्ती यांमुळे उपासनेचे शब्द मागे पडत. लहान धर्मग्रामांना असे संगीत पेलणारे नव्हते.

बव्हेरियातील रेगेन्सबुर्ग हे नगर या स्थितीवरील उपायाचे केंद्र बनले. तेथील कार्ल प्रोस्के हे आधी वैद्य होते व नंतर धर्मगुरू झाले. त्यांनी इटलीत जाऊन सोळाव्या शतकातील धर्मसंगीताच्या हस्तलिखितांच्या नकला करून आणल्या. १८६८ साली रेव्ह. फ्रान्झ झेवर विट यांनी संत सिसिलियाच्या नावाने संगीतसंघ स्थापन केला आणि १८७० साली पोप नववे पायस यांनी त्याला मान्यता दिली. ग्रेगोरियन गायन व पालेस्ट्रीना यांची बहुस्वरी शैली, हे या चळवळीचे दोन आदर्श होते.

जन्म व शिक्षण

मिखाएल हालर यांचा जन्म १३ जानेवारी १८४० रोजी बव्हेरियातील नॉयझाट या लहानशा गावी झाला. मेटन येथील बेनेडिक्टाइन मठाच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. त्यानंतर ते रेगेन्सबुर्गच्या सेमिनरीत दाखल झाले आणि १८६४ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षेनंतर त्यांची नेमणूक कॅथेड्रलमध्ये गाणाऱ्या मुलांच्या वसतिगृहात झाली. कॅथेड्रलच्या गायकवृंदाचे प्रमुख योसेफ श्रेम्स यांच्या हाताखाली त्यांनी तेथे धर्मसंगीताचा अभ्यास केला. मुलांची देखरेख आणि संगीताचा अभ्यास या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालल्या. पुढे शिक्षक म्हणून त्यांना जे यश लाभले, त्याचे मूळ येथे आहे. १८६७ साली त्याच नगरातील ‘आल्टे कापेले’ या पुरातन चर्चच्या गायकवृंदाची धुरा त्यांच्याकडे आली.

शिक्षक हालर

१८७४ साली रेव्ह. फ्रान्झ झेवर हाबेर्ल यांनी रेगेन्सबुर्ग येथे धर्मसंगीताची शाळा स्थापन केली. हालर हे तिच्या पहिल्या शिक्षकांपैकी एक. १९१० पर्यंत, म्हणजे ३६ वर्षे, त्यांनी तेथे गायनरचना व ‘काउंटरपॉइंट’ हा विषय शिकवला.

काउंटरपॉइंट म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेऊ. सर्वांनी मिळून एकच चाल गाणे, हे एकस्वरी गायन होय. बहुस्वरी गायनात मात्र सोप्रानो, आल्टो, टेनर व बास या प्रत्येक आवाजाला स्वतःची स्वतंत्र चाल असते आणि तरीही त्या चाली एकमेकींशी जुळतात. पालेस्ट्रीनांच्या शैलीत स्वर बहुधा पायरीपायरीने चालतात. मोठी झेप घेतली, तर चाल सहसा उलट दिशेने परतते. विसंवादी स्वर अचानक येऊन आदळत नाही; त्याची आधी तयारी होते आणि लगेच तो संवादी स्वरात विसावतो. या संयमामुळे गायन शांत राहते आणि प्रार्थनेला पोषक ठरते.

हालर यांनी हे शास्त्र ग्रंथरूपाने मांडले. गायनशिक्षणाची त्यांची मार्गदर्शिका १८७६ साली आणि बहुस्वरी धर्मगायनाच्या रचनेवरील पाठ्यपुस्तक १८९१ साली प्रसिद्ध झाले. या शैलीवर त्यांचे किती प्रभुत्व होते, याचे एक उदाहरण बोलके आहे. पालेस्ट्रीनांच्या बारा आवाजांच्या काही रचनांमधील तिसऱ्या गायकवृंदाचा भाग काळाच्या ओघात हरवला होता. उरलेल्या दोन गायकवृंदांच्या आधारे हालर यांनी तो नव्याने रचला.

या शाळेत देशोदेशीचे विद्यार्थी येत. त्यांपैकी इटलीचे लोरेंझो पेरोझी १८९३ साली हाबेर्ल व हालर यांच्याकडे शिकले आणि १८९८ साली व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलच्या गायकवृंदाचे प्रमुख झाले. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, धर्मसंगीतावरील आज्ञापत्र काढले. त्यात ग्रेगोरियन गायन व पालेस्ट्रीनांची परंपरा यांनाच आदर्श मानले होते.

लहान गायकवृंदांसाठी

एवढे विद्वान असूनही हालर यांनी केवळ तज्ज्ञांसाठी लिहिले नाही. दोन आवाज आणि ऑर्गन एवढ्यावर गाता येतील अशा मिस्सा त्यांनी रचल्या. पवित्र मरियेची गीतेही लिहिली. जेथे चार आवाज जमत नाहीत, त्या खेड्यातील गायकवृंदालाही नेटके गाता यावे, ही त्यामागची दृष्टी होती.

या चळवळीला मर्यादाही होत्या. जुन्या आदर्शाचे अनुकरण करताना रचनाकाराची स्वतःची प्रतिभा आखडते, हा आक्षेप तिच्यावर घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. नियम चोख पाळणारी रचना निर्दोष असते. पण ती दरवेळी हृदयाला भिडतेच असे नाही. हालर यांच्या सर्वच रचना आज गायल्या जात नाहीत. मात्र ज्या शाळेत त्यांनी शिकवले, ती आज कॅथलिक धर्मसंगीताचे उच्च शिक्षण देणारी संस्था म्हणून कार्यरत आहे.

४ जानेवारी १९१५ रोजी रेगेन्सबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात सेमिनरींमध्ये संगीतशिक्षणाला मोठे महत्त्व द्यावे, गायकवृंद जोपासावेत आणि त्याचबरोबर भाविकांचा गायनात सक्रिय सहभाग असावा, असे सांगितले. गोड गळा हे देवाचे दान आहे; त्या दानाला वळण लावून ते उपासनेच्या सेवेत आणायचे, तर धीराने शिकवणारा कोणीतरी लागतो. रविवारच्या मिस्सापूर्वी मूठभर गायकांकडून पुन्हा पुन्हा सराव करून घेणारा प्रत्येक गायनशिक्षक हालर यांचेच काम पुढे नेत असतो.