रस्त्याखालील माती आणि ओ. जे. पोर्टर यांचे कार्य

डांबरी रस्ता खचला म्हणजे दोष बहुधा डांबरास वा खडीस दिला जातो. परंतु चाकांचा भार शेवटी ज्या मातीवर उतरतो तीच पाण्याने मऊ झाली असेल, तर वरचे थर उत्तम असूनही टिकत नाहीत. या मातीची पारख करणे हे महामार्गाच्या मृदा-अभियंत्याचे मुख्य कार्य होय. त्याच्या विद्येचे स्वरूप अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग विभागातील अभियंते ओ. जे. पोर्टर यांच्या कार्यावरून चांगले स्पष्ट होते.

१९२८-२९ मध्ये या विभागाने नादुरुस्त रस्त्यांची पाहणी केली. तीत तीन प्रमुख कारणे आढळली : पाणी शोषलेली माती भाराखाली बाजूस सरकणे, खालचे थर कमीअधिक खचणे, आणि पुनःपुन्हा येणाऱ्या भारामुळे ते प्रमाणाबाहेर लवणे. या अनुभवातून पोर्टर यांनी ‘कॅलिफोर्निया भारक्षमता गुणोत्तर’ ही कसोटी सिद्ध केली.

तिची रीत साधी आहे. साच्यात ठोकून बसवलेली माती चार दिवस पाण्यात ठेवतात. नंतर ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या मिनिटास १.२५ मिलिमीटर वेगाने तीत दाबतात. प्रमाणभूत खडीत तो २.५ मिलिमीटर शिरण्यास १,३७० किलोग्रॅम भार लागतो. एखाद्या मातीत तेवढ्याच शिरकावास ४१ किलोग्रॅम पुरले, तर तिचे गुणोत्तर सुमारे ३ टक्के ठरते. गुणोत्तर जितके कमी, तितकी वरील थरांची जाडी अधिक ठेवावी लागते. १९४२ मध्ये अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाने ही पद्धत धावपट्ट्यांसाठी स्वीकारली.

पोर्टर यांच्यापुढील दुसरा प्रश्न याच्या उलट होता. दलदलीच्या चिकण मातीवर भराव घातला असता तिच्यातील पाणी बाहेर पडण्यास वर्षानुवर्षे लागतात, आणि तोवर भराव खचतच राहतो. हा काळ पाण्याला कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर चौथाई केल्यास काळ सोळावा हिस्सा होतो. म्हणून मातीत ठरावीक अंतरावर वाळूचे उभे स्तंभ घालून पाण्यास जवळची वाट देण्याचे प्रयोग पोर्टर यांनी केले व त्यांचा वृत्तांत १९३६ मध्ये प्रसिद्ध केला.

या कसोटीची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. हे गुणोत्तर मातीचा मूलभूत गुणधर्म नव्हे. अनुभवाशी जोडलेला तो एक आकडा आहे. भारतीय रस्ते काँग्रेसने १९७० मध्ये डांबरी रस्त्यांच्या आखणीसाठी त्याचा आधार घेतला. पुढे गणिती विश्लेषणाची पद्धत आली. तथापि तीतही मातीचा ताठरपणा बहुधा याच गुणोत्तरावरून अंदाजला जातो. अशा वेळी आकड्यामागील ओलाव्याचा विचार सुटल्यास फार मोठी चूक संभवते. दख्खनची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी कठीण होते. तीच पावसाळ्यात फुगते आणि चाकाखाली दबते. वैशाखात घेतलेल्या कोरड्या नमुन्यावर विसंबून ठरवलेली जाडी श्रावणात अपुरी पडते. उलटपक्षी, जेथे पाणी मातीपर्यंत पोहोचतच नाही तेथे भिजवलेल्या मातीचा आकडा घेतल्यास खर्च निष्कारण वाढतो.

तात्पर्य, दट्ट्या दाबणे हे प्रयोगशाळेतील सहायकासही शिकविता येते. परंतु नमुना कोठून, किती खोलीवरून घ्यावा आणि रस्त्याच्या आयुष्यात ती माती कितपत भिजेल, याचा निर्णय मात्र अभियंत्यासच करावा लागतो. त्याचे खरे प्रावीण्य या निर्णयात आहे.