महिन्यातून एकदा दार वाजवायचं, हा नियम आहे

नवी मुंबईतल्या रबाळ्याला पनवेलची लोकल पकडली की चौथं स्टेशन जुईनगर. तिथल्या एका सोसायटीत पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ तीन वर्षांहून अधिक काळ घराबाहेर पडले नव्हते. आईवडील गेलेले, भाऊ त्याआधीच गेलेला. जेवण मोबाइलवरून मागवायचं आणि दार लावून घ्यायचं. २०२५ मध्ये कुणीतरी पनवेलच्या सील आश्रम या सामाजिक संस्थेला कळवलं. कार्यकर्ते आत गेले तेव्हा घरभर कचरा साचला होता.

रबाळ्यासारख्या ठिकाणी, जिथे गावठाणातल्या चाळी आणि एमआयडीसीत कामाला येणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या एकमेकींना खेटून आहेत, तिथे असं घडणार नाही असं वाटतं. पण जुईनगरलाही भिंतीला भिंत लागूनच होती.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे आणि महाराष्ट्राचे २०१० चे नियम आहेत. प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धांची अद्ययावत यादी ठेवायची आणि शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला सोबत घेऊन महिन्यातून किमान एकदा त्यांना भेटायचं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. गोची यादीपाशीच होते. जो स्वतःहून नाव नोंदवतो, विरंगुळा केंद्रात येऊन बसतो, १४५६७ या हेल्पलाइनला फोन लावतो, तो दिसतो. ज्याने माणसांशी बोलणंच सोडलंय, तो कुठे नाव नोंदवणार? शिवाय हा कायदा साठीनंतरचा. जुईनगरचे गृहस्थ त्यात बसतच नव्हते.

महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, पण ती खांब-स्लॅबची, आतल्या माणसांची नाही. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०१ नुसार, मनोरुग्णाची घरात आबाळ होत असल्याचं लक्षात आल्यास पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. पण ते पोलिसांच्या कानावर घालणार कोण?

माझ्या मते पहिली खूण सोसायटीच्या वहीतच असते. वर्षानुवर्षं वेळेवर येणारा मेंटेनन्स अचानक थकतो, दाराबाहेर कचऱ्याची पिशवी दिसेनाशी होते. त्या वेळी थकबाकीची नोटीस डकवून निघून येणं मला क्रूर वाटतं. तीच बातमी सेक्रेटरीने पोलीस ठाण्यात दिली, तर यादीत एक नाव वाढेल.

अंधेरीत ओशिवऱ्याला ऑगस्ट २०१७ मध्ये परदेशातून आलेल्या मुलाने घर उघडलं, तेव्हा आईचा सांगाडा सापडला. दोघांचं शेवटचं बोलणं एप्रिल २०१६ मधलं. ती साठीपुढची होती, एकटी राहत होती. नियम पाळला गेला असता, तर मधल्या काळात तिच्या दारावर किमान पंधरा वेळा थाप पडली असती.