कॅसेटवाल्यांचं दशक

एअरटेलने २०२४ मध्ये विंक म्युझिक हे गाण्यांचं ॲप गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा श्रोत्याने जमवलेली गाणी कंपनीच्या एका निर्णयावर तगलेली असतात हे उघडं पडलं. तरीही विक्री घसरली की संगीत कंपन्या तंत्रज्ञानाला आणि चोरीला शिव्या घालतात. पण आजार बहुधा किंमत आणि पोहोच यांचा असतो. १९८० च्या दशकाने ते लख्ख दाखवलं.

त्याआधीची सत्तरेक वर्षं झटकन उरकता येतील. डमडमच्या कारखान्यात तबकड्या घडवणारी एचएमव्ही सांगेल तेच बहुतांशी बाजारात यायचं. कॅसेट आली आणि ध्वनिमुद्रण, नक्कल, वाहतूक सगळंच स्वस्त झालं. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी सुपर कॅसेट्स काढली आणि कॉपीराइट कायद्यातल्या सवलतीच्या आधारे जुनी गाणी नव्या आवाजात, निम्म्याहून कमी भावात किराणा दुकानांपर्यंत पोहोचवली. मूळ गायक-संगीतकारांवर अन्याय झाला, हा आक्षेप रास्तच आहे. बनावट कॅसेटींनी तर सगळ्यांचाच गल्ला मारला. पण स्वस्त मालाला एवढं गिऱ्हाईक होतं आणि जुन्या कंपनीने ते दशकानुदशकं वाऱ्यावर सोडलं होतं, याचा दोष चोरांवर कसा टाकणार? मराठीपुरतं बोलायचं तर आनंद शिंदे यांचा आवाज, जयंतीच्या मंडपांतली भीमगीतं आणि अलूरकरांनी काढलेलं पुलंचं कथाकथन घरोघर गेलं ते कॅसेटवरूनच. तबकडीच्या हिशेबात यांतलं बरंचसं बसलंच नसतं.

आज कुणीही गाणं अपलोड करू शकतो, मग रडगाणं कशाला, असं विचारलं जाईल. पण अपलोड झालेलं गाणं कानापर्यंत नेणारी यादी मोजक्या कंपन्यांच्या हातात आहे आणि लहान गायकाला त्यातून मिळणारे पैसे चिल्लर. शंभर कॅसेटी खपल्या की निदान शंभरांचे पैसे विकणाऱ्याच्या हाती पडत. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्कही पक्का झाला तो कॉपीराइट कायद्याच्या २०१२ मधल्या दुरुस्तीने, कंपन्यांच्या विरोधाला न जुमानता. लोक पैसे मोजतच नाहीत, हा दावाही पोकळ आहे. एचएमव्हीचीच वारसदार सारेगामा २०१७ पासून पाच हजार गाणी भरलेला ‘कारवाँ’ हा रेडिओसारखा संच विकते आहे. गाणी नेटवर फुकट मिळत असताना लोकांनी त्यासाठी पाच-सहा हजार रुपये मोजले. वस्तू परवडणारी आणि कायमची आपली असेल, तर श्रोता पाकीट उघडतो. भाड्याच्या सुखाला चटावलेल्या बहुतेक कंपन्यांनाच ती विकायची नाही.