सतरावा रोजा : एक तारीख, दोन आठवणी

आज रमजानुल मुबारकचा सतरावा रोजा. महिना निम्म्याहून पुढे सरकला की घराघरांत शिरखुर्म्याच्या सुक्या मेव्याची आणि मुलांच्या कपड्यांची बोलणी सुरू होतात. मशिदींतल्या बयानात मात्र या दिवशी एक नाव हमखास निघते, बद्र. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी १७ रमजानला, जुम्याच्या दिवशी, बद्रच्या मैदानात इस्लामच्या इतिहासातील पहिली मोठी लढाई झाली. त्यानंतर ५६ वर्षांनी, हिजरी ५८ मध्ये, याच तारखेला मदिनेत हजरत आयशा (र.) यांचे निधन झाले. एक आठवण रणांगणाची, दुसरी एका विदुषीच्या घराची. वरवर पाहता दोन्हींचा संबंध नाही. जवळून पाहिले तर आहे.

तारीख आणि तिथी यांतला फरक मराठी वाचकाला नवा नाही. शिवजयंती तारखेने करायची की तिथीने, ही चर्चा आपण ऐकत आलो आहोत. हिजरी तारीखही तिथीप्रमाणे चंद्रावर चालते आणि तिचा दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. पंचांग अधिक मास धरून हा फरक भरून काढते, म्हणून दिवाळी आपला ऋतू सोडत नाही. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. बद्रच्या वेळी १७ रमजान इसवी सन ६२४ च्या मार्चमध्ये आला होता, हजरत आयशा गेल्या तेव्हा ६७८ च्या जुलैमध्ये.

बद्र हे मदिनेच्या नैऋत्येला सुमारे दीडशे किलोमीटरवरचे, विहिरींचे ठिकाण. मक्केतून छळ सोसून, घरदार सोडून मदिनेत आलेल्या मुस्लिमांना दोन वर्षेही झाली नव्हती. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याबरोबर निघालेली माणसे ३१३ च्या आसपास, उंट सत्तर आणि घोडे अवघे दोन. एका उंटावर तीन-तीन जण आळीपाळीने बसत. प्रेषितांच्या वाट्यालाही असाच सामाईक उंट होता आणि हजरत अली (र.) त्यांचे एक जोडीदार होते. "आपण बसा, आम्ही चालतो," असे सोबत्यांनी सुचवले, तेव्हा प्रेषितांनी ते मानले नाही. आपली पाळी आली की तेही पायी चालत. समोर मक्केच्या कुरैशांची सुमारे हजारांची फौज होती. दुपारपर्यंत निकाल लागला. कुरैशांचे सत्तर जण मारले गेले, सत्तर कैद झाले. मुस्लिमांचे चौदा जण शहीद झाले.

ही आकडेवारी बहुतेकांना पाठ असते. त्या विजयाच्या मागे प्रेषितांच्या घरात काय चालले होते, हे मात्र कमी सांगितले जाते. त्यांची कन्या हजरत रुकय्या (र.) मदिनेत आजारी होत्या. त्यांच्या सेवेसाठी पती हजरत उस्मान (र.) यांना प्रेषितांनी मागे ठेवले होते. विजयाची वार्ता घेऊन जैद बिन हारिसा (र.) मदिनेत पोहोचले, तेव्हा रुकय्यांच्या कबरीवर माती टाकली जात होती. बाप परतला तो विजयी होऊन, पण लेकीचे शेवटचे दर्शन त्याला झाले नाही.

त्यानंतर प्रश्न आला कैद्यांचा. हे तेच लोक, ज्यांच्यामुळे देशोधडीला लागावे लागले. त्या काळच्या अरबस्तानात सूड हा जणू हक्कच मानला जाई. प्रेषितांनी मात्र कैद्यांशी चांगले वागण्याची ताकीद दिली. मदिनेत खजूर मुबलक, भाकरी दुर्मीळ. आपल्याला पकडणारे लोक स्वतः खजुरावर भागवत आणि भाकरी आपल्यापुढे ठेवत, असे अबू अजीज नावाच्या कैद्याने पुढे सांगितले. त्याचे सख्खे भाऊ मुसअब बिन उमैर (र.) याच लढाईत मुस्लिमांच्या बाजूने लढले होते. कैद्यांत प्रेषितांचे चुलते अब्बासही होते. दोरीच्या काचाने ते कण्हत होते आणि प्रेषितांना झोप येत नव्हती. कोणीतरी अब्बासांची दोरी सैल केली. ते कळताच, सगळ्याच कैद्यांच्या दोऱ्या सैल करा, असे सांगण्यात आले.

प्रेषितांचे जावई अबुल आसही कैदेत होते. त्यांच्या सुटकेसाठी मक्केहून पत्नी जैनब (र.) यांनी एक हार पाठवला. लेकीच्या लग्नात हजरत खदीजा (र.) यांनी आपल्या गळ्यातला दिलेला तो हार. दिवंगत पत्नीची ती खूण पाहून प्रेषित गहिवरले. तरी निर्णय एकट्याने घेतला नाही. तुमची संमती असेल तर कैदी सोडू आणि हारही परत करू, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. सर्वांनी होकार दिला.

ज्यांची ऐपत होती त्यांनी एक हजारापासून चार हजार दिरहमपर्यंत मोबदला भरून सुटका करून घेतली. ज्यांच्याकडे पैसा नव्हता पण लिहिता-वाचता येत होते, त्यांच्यासाठी अट वेगळी होती. मदिनेतल्या दहा मुलांना अक्षरओळख करून द्यायची आणि मोकळे व्हायचे. काल ज्यांनी तलवार उपसली होती, आज त्यांच्याच पुढे आपली लेकरे धडा गिरवायला बसवण्यात आली. शिकवणारा कोण, यापेक्षा शिकणे मोठे ठरले. या मुलांपैकी एक जैद बिन साबित (र.), असे चरित्रकार सांगतात. लहान म्हणून त्यांना लढाईवरून परत पाठवले होते. पुढे हजरत अबू बकर (र.) यांच्या काळात कुरआनचे लिखित संकलन करण्याचे काम याच जैद यांच्यावर सोपवले गेले.

तारखेची दुसरी आठवण इथेच येऊन मिळते. प्रेषितांच्या निधनानंतर हजरत आयशा सुमारे ४७ वर्षे हयात होत्या आणि त्यांचे घर हे शिक्षणाचे केंद्र बनले. मोठमोठे सहाबी वारसाहक्काचे किचकट प्रश्न घेऊन त्यांच्याकडे येत. त्यांच्याकडून आलेल्या हदीसची संख्या २२१० सांगितली जाते. कोणी एखादे वचन चुकीचे सांगितले तर त्या स्पष्टपणे दुरुस्त करीत. अशा दुरुस्त्यांचा एक ग्रंथच चौदाव्या शतकात इमाम जरकशी यांनी सिद्ध केला. भाचे उर्वा बिन जुबैर हे त्यांचे विद्यार्थी, तशाच अमरा बिन्त अब्दुर्रहमान या विद्यार्थिनी. धर्मशास्त्र, काव्य आणि वैद्यक यांत मावशीइतका जाणकार आपण पाहिला नाही, असे उर्वा म्हणत.

एकदा त्यांच्याकडे सुमारे एक लाख दिरहम आले. त्यांचा रोजा होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी रक्कम गरजूंना वाटून टाकली. इफ्तारला मांस घ्यायला एखादा दिरहम ठेवायचा होता, असे दासी म्हणाली. आठवण केली असतीस तर ठेवला असता, एवढेच त्यांचे उत्तर. प्रेषितांशेजारची कबरीची जागा त्यांनी स्वतःसाठी राखली होती. हजरत उमर (र.) यांनी मृत्युशय्येवरून ती मागितली, तेव्हा तीही देऊन टाकली. १७ रमजानच्या रात्री त्यांना जन्नतुल बकीमध्ये दफन करण्यात आले. जनाजाची नमाज हजरत अबू हुरैरा (र.) यांनी पढवली.

कुरआनच्या अवतरणाची सुरुवातही १७ रमजानचीच, असे इब्न इसहाक या जुन्या चरित्रकाराचे मत आहे. बहुसंख्य उलेमा ती रात्र शेवटच्या दहा दिवसांत शोधतात. तारखेबद्दल मतभेद असले तरी पहिल्या शब्दाबद्दल नाहीत. तो शब्द होता 'इक्रा', म्हणजे वाच.

जकातीचा हिशेब बहुतेक घरांत याच दिवसांत होतो. शाळेची फी थकलेले, वह्या-पुस्तकांसाठी अडलेले एखादे मूल प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक गल्लीत असते. बद्रच्या कैद्यांना दहा मुलांची अट होती. आज ज्याला जमेल त्याने एका मुलाचा भार उचलला, तरी सतराव्या रोजाची आठवण राखल्यासारखे होईल.