आठ तास समुद्रात, दीड तास न्हाणीघरात

गेल्या पौषातील एका पहाटे शिवरे परिसरातील एका वाडीवरून मला बोलावणे आले. घरातील आजोबा, वय चौऱ्याहत्तर, न्हाणीघरात पाय घसरून पडले होते. हाड मोडलेले नव्हते. पण त्यांची जीभ जड झाली होती, आणि विचारलेल्या प्रश्नाला ते भलतेच उत्तर देत होते. "अर्धांगाचा झटका असेल का, डॉक्टर?" मुलाने विचारले. सूनबाईंनी तापमापक लावून पाहिला होता. "ताप नाही," असे त्यांनी काहीशा समाधानाने सांगितले.

मी आजोबांच्या पोटावर हात ठेवला. पांघरुणाखालचे पोटही दगडासारखे गार होते. घरातला पारा ३५ अंश सेल्सिअसच्या खालच्या खुणेवरच थांबला होता. त्याच्याखाली मोजण्याची सोयच त्या तापमापकात नव्हती. 'ताप नाही' हे वाक्य खरे होते, परंतु आजार नेमका त्याच्या उलट दिशेला होता.

आजोबा पन्नास वर्षे विहिरीच्या गार पाण्याने स्नान करीत आले होते. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या नातवाने त्यांना मोबाईलवर पुण्याचे जलतरणपटू रोहन मोरे यांची हकिकत दाखवली होती. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी मोरे यांनी न्यूझीलंडच्या दोन मोठ्या बेटांमधील कुकची सामुद्रधुनी ८ तास ३७ मिनिटांत पोहून पार केली आणि जगातील सात कठीण सामुद्री मार्गांचे 'ओशन्स सेव्हन' हे आव्हान पुरे करणारे ते पहिले भारतीय ठरले. "तो पोरगा शार्कच्या समुद्रात आठ तास राहतो, मग मला दोन तांब्यांनी काय होणार?" असे आजोबांनी घरी सुनावले होते. हा प्रश्न अनेक ज्येष्ठांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यावयास हवे.

न्यूझीलंडच्या समुद्रात शार्क आहेत, हे खरे. परंतु अशा मार्गावर पोहणाऱ्याचा रोजचा शत्रू शार्क नसून थंडी असते. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. गार पाण्यात शिरताच पहिल्या मिनिटात धाप लागते, श्वास आवरत नाही, रक्तदाब व नाडी एकाएकी वाढतात. पुढील दहा-पंधरा मिनिटांत हातापायांचे बळ ओसरू लागते. शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंशांखाली जाण्यास बहुधा अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. या अवस्थेला आम्ही 'हायपोथर्मिया', म्हणजे अतिशीतता म्हणतो.

मग तो तरुण आठ तास कसा टिकतो? शरीराला थंडीची सवय हळूहळू लावलेली असते. स्नायू अखंड काम करून उष्णता निर्माण करतात. ठरावीक अंतराने पोटात अन्न जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेजारी नाव चाललेली असते. त्या नावेतील माणसे पोहणाऱ्याचा हात मंदावला का, बोलणे अडखळते का, हे सतत पाहत असतात. कारण थंडी प्रथम माणसाचे भानच हिरावून घेते. आपण गारठलो आहोत, हे गारठलेल्या माणसाला कळत नाही.

आजोबांपाशी यांतले काहीच नव्हते. वयाबरोबर स्नायू उतरतात, कापरे भरण्याची शक्ती कमी होते, त्वचेतील रक्तवाहिन्या वेळेवर आकसत नाहीत आणि थंडीची जाणीवही बोथट होते. मधुमेह, झोपेच्या गोळ्या आणि मद्य यांमुळे हा धोका आणखी वाढतो. आमच्या आजोबांनी "आता बरे वाटते" म्हणून थायरॉईडची गोळी दोन महिने बंद ठेवली होती. ही ग्रंथी मंदावली की शरीराची शेगडीच मंदावते. तरीही केवळ दोन तांब्यांनी ते आजारी पडले नाहीत. घसरल्यावर त्यांना उठता आले नाही, आणि ओल्या पंचानिशी गार फरशीवर ते दीड तास पडून राहिले. पहाटे घर झोपेत होते. आतून कडी होती.

त्यांना कोरडे करून, पांघरुणात गुंडाळून, रक्तातील साखर तपासून आम्ही रुग्णालयात हलवले. तेथे झटका नसल्याची खात्री झाली, आणि तीन दिवसांनी आजोबा घरी आले. अर्थात बोलणे अडखळले की ते थंडीचेच लक्षण, असे घरच्या घरी कुणी ठरवू नये. अर्धांग, साखर उतरणे आणि अतिशीतता यांची लक्षणे एकमेकांसारखी दिसतात. तिन्हींत वेळ मोलाचा असतो. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ती येईपर्यंत काय करावे? ओले कपडे उतरवून अंग टिपून कोरडे करावे. डोक्यासह सर्व शरीर पांघरुणात घ्यावे, खालीही घोंगडी किंवा सतरंजी असावी. पूर्ण शुद्धीवर असेल व गिळता येत असेल, तरच कोमट गोड पेय द्यावे. हातपाय जोराने चोळू नयेत, कढत पाण्याने स्नान घालू नये, ब्रँडी तर मुळीच देऊ नये. गरम पाण्याची पिशवी थेट त्वचेला लावू नये. संवेदना कमी झालेल्या, विशेषतः मधुमेही त्वचेला ती भाजते आणि कळतही नाही. रुग्णाला हलवताना हळुवार हलवावे. गारठलेले हृदय धक्क्याने बिघडू शकते.

त्याहून बरे म्हणजे ही वेळच येऊ न देणे. थंडीत ज्येष्ठांनी सूर्य वर आल्यावर, कोमट पाण्याने स्नान करावे. न्हाणीघरात घसरणार नाही अशी चटई, भिंतीला धरण्यासाठी दांडा आणि बसायला स्टूल असावे. दार लोटलेले असावे, कडी नको. मात्र बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड वायू वास न देता जीव घेतो. कानटोपी व पायमोजे रात्रीही घालावेत. आणि कोणतीही गोळी मनाने बंद करू नये.

आजोबा आता उन्हे आल्यावर कोमट पाण्याने स्नान करतात. कुरकुर करतात, पण करतात. त्यांची कडी मुलाने काढून टाकली आहे. न्हाणीघराबाहेर सूनबाई भाजी निवडत बसतात आणि मधूनमधून हाक मारतात, "मामंजी, झालं का?" आतून "होय गं!" असे खणखणीत उत्तर येते. परवा तपासणीसाठी आले तेव्हा ते मला म्हणाले, "त्या पोराच्या शेजारी नाव असते, हे मोबाईलवर मी नीट पाहिलेच नव्हते."