विद्यापीठाचा वाण, शेतकऱ्याचे बियाणे

शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही कृषि विद्यापीठाची तीन कामे आपणांस माहीत आहेत. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) येथील चारही विद्यापीठे जनतेच्या पैशावर उभी आहेत. म्हणून त्यांचे संशोधन ही आपली सामायिक मालमत्ता आहे. ती पदरात कशी पाडून घ्यावी, हे सोयाबीनच्या उदाहरणाने पाहू.

संकरित कपाशीचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. परंतु परभणीचा एमएयूएस ७१ किंवा राहुरीचा फुले संगम हे सरळ वाण आहेत. त्यांचे प्रमाणित बियाणे एकदा घेतले की, भेसळ काढून पुढील दोन-तीन वर्षे घरचेच वापरता येते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नेही बियाणे राखण्याचा हक्क शेतकऱ्यास दिला आहे.

विद्यापीठ पैदासकार बियाणे तयार करते. त्यापासून पायाभूत (पांढरी खूणचिठ्ठी) व पुढे प्रमाणित बियाणे (निळी खूणचिठ्ठी) होते. पैदासकार बियाणे थोडेच असते. गावोगावी ते वाढविले नाही, तर चांगला वाणही प्रक्षेत्रावरच राहतो. म्हणून गटाने पायाभूत बियाणे घेऊन बीजोत्पादन करावे.

घरच्या बियाण्याबाबत पुढील काळजी घ्यावी :

१) सोयाबीनच्या दाण्याचे आवरण नाजूक असते. मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० पेक्षा जास्त नसावेत.

२) ओलावा १२ टक्क्यांपर्यंत आणून पोती लाकडी फळ्यांवर ठेवावीत. उंच थप्पी लावू नये, पोती आपटू नयेत.

३) पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. ७० किंवा अधिक दाणे उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरेसे होते. ६० ते ६९ उगवल्यास प्रमाण वाढवावे. त्याहून कमी असल्यास ते बियाणे पेरू नये.

सन २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. एका गोणपाटाची ही चाचणी दुबार पेरणीचा खर्च वाचवू शकते.

शेवटी एक विनंती. वाण आपल्या जमिनीत कसा आला, हे जवळच्या कृषि विज्ञान केंद्रास अवश्य कळवा. वाण पडला असेल, तर तेही सांगा. पुढील संशोधनाची दिशा त्यावरूनच ठरते.