देवगांडूळ व मावळातील उभयचर प्राणी

पाण्यात व जमिनीवर अशा दोन्ही ठिकाणी ज्यांचा जीवनक्रम चालतो, त्या प्राण्यांस उभयचर म्हणतात. बेडूक व भेक हे त्यांपैकी सर्वांच्या परिचयाचे होत. परंतु देवगांडूळ हा प्राणीही याच वर्गात मोडतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्यास पाय नसतात, डोळे कातडीखाली झाकलेले असतात व त्याचे बहुतेक आयुष्य ओल्या मातीत जाते. १९६० साली अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड टेलर यांनी 'इंडोटिफ्लस बॅटर्सबी' या देवगांडुळाच्या जातीचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. त्यासाठी आधारभूत मानलेला नमुना खंडाळ्याचा होता. म्हणजे शास्त्राच्या दप्तरात या जातीचे मूळ गाव मावळातलेच आहे.

असे असूनही पावसाळ्यात शेताच्या बांधाशी हा प्राणी वर आला, की सापाचे पिल्लू समजून तो बहुधा मारला जातो. वास्तविक तो पूर्णपणे निरुपद्रवी आहे. सापाप्रमाणे त्याच्या अंगावर खवले दिसत नाहीत. कातडी ओलसर व गुळगुळीत असून तिच्यावर कड्यांसारख्या वळ्या असतात. गांडुळास जबडा नसतो. देवगांडुळास जबडा व बारीक दात असतात. नाकपुडी व डोळा यांच्या दरम्यान एक सूक्ष्म स्पर्शिका असते, तिच्या साहाय्याने तो मातीत भक्ष्य हुडकतो. गांडुळे, वाळवी व मुंग्या हे त्याचे अन्न. अंडी घालणाऱ्या देवगांडुळांची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून त्यांची राखण करते.

उभयचरांची कातडी पातळ व ओली असते व तिच्यावाटे ते काही अंशी श्वसनही करतात. हाच त्यांचा दुबळेपणा होय. जमीन कोरडी पडली अथवा पाण्यात विषारी औषध मिसळले, तर त्याचा परिणाम त्यांच्यावर इतर प्राण्यांच्या आधी दिसतो. जगभर आज हेच घडत आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशाच्या माँतेव्हर्दे अरण्यात १९८७ साली दीड हजारांहून अधिक सोनेरी भेक मोजले गेले होते. १९८९ मध्ये एकच नर दिसला, व त्यानंतर एकही नाही. कायट्रिड नावाच्या बुरशीने कातडीचा रोग होऊन जगातील पाचशेहून अधिक उभयचर जातींची संख्या घटल्याचे २०१९ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या दर पाच जातींपैकी सुमारे दोन जाती धोक्यात आहेत. देवगांडुळे जमिनीखाली राहत असल्यामुळे त्यांची गणनाच कठीण होते.

मावळातील ऱ्हासाची कारणे मात्र डोळ्यांसमोर आहेत. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या ओलीवरच हे जीव जगतात. बंगल्यांसाठी उतार सपाट केले, ओढे नळांत कोंडले, मातीच्या बांधांऐवजी सिमेंटच्या भिंती बांधल्या, भातखाचरांत तणनाशके मारली, की पाऊस तितकाच पडूनही ती ओल उरत नाही. पावसाळी रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक वाहनांखाली सापडतात, ते निराळेच.

तथापि तग धरण्याचे मार्गही या प्राण्यांपाशी आहेत. सह्याद्रीतील काही झुडपी बेडकांच्या अंड्यांतून शेपटीचा बेडूकमासा न निघता थेट चिमुकला बेडूकच बाहेर पडतो. त्यांस डबक्याची गरज लागत नाही, ओलसर पालापाचोळा पुरतो. १९५५ साली पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांचे नाव दिलेला निशाचर बेडूक ओढ्यावर झुकलेल्या पानांवर वा खडकांवर अंडी घालतो व पिल्ले खालच्या पाण्यात पडतात. कायद्याचे साहाय्यही झाले आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात हजारो टनांवर गेली होती, ती भारत सरकारने १९८७ साली बंद केली. त्या निर्यातीविरुद्ध अब्दुलअली यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले होते.

उरलेले काम गावोगाव व्हावयाचे आहे, आणि ते शिक्षकांस साधण्याजोगे आहे. वळवाच्या पहिल्या पावसापासून वर्गात एक नोंदवही ठेवावी. बेडकांचा पहिला आवाज कोणत्या तारखेस, कोठे व किती पाऊस झाल्यावर ऐकू आला, हे विद्यार्थ्यांकडून तीत लिहवून घ्यावे. चार-पाच वर्षांच्या नोंदी जमल्या, म्हणजे कोणते डबके मुके झाले, हे मुलांसच कळून येईल. प्राणी बाटलीत भरून वर्गात आणू नयेत. शाळेच्या आवारातील एखादा सावलीचा कोपरा पालापाचोळ्यासह तसाच राखावा, व तेथे औषध फवारू नये.

आवारात साप निघाल्याची वर्दी मुलांनी दिल्यास त्यांस प्रथम दूर उभे करावे. साप असण्याची शंका उरली, तर हात न लावता जाणकारास बोलवावे. अंगावरील वळ्यांवरून तो देवगांडूळ आहे अशी खात्री पटली, तर मुलांस तो दुरूनच नीट पाहू द्यावा, ही जात खंडाळ्याच्या नमुन्यावरून जगास कळली हे सांगावे, आणि तो मातीत शिरेपर्यंत सर्वांनी शांत उभे राहावे.